यंत्र जागें होतें तेव्हां

(नभोवाणीवरील भाषण)

संध्याकाळीं वीज जाते, घरभर अंधार होतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनीं ती परत आली म्हणजे घरांतील लहानमोठीं यंत्रें एकामागून एक जागीं होऊं लागतात. कोठें हिरवा दिवा लुकलुकतो, कोठें बारीक शीळ वाजते, कपडे धुण्याच्या यंत्रावर आकडे उमटतात. आपण म्हणतों, "आली वीज, झालें सुरू." परंतु वीज येणें आणि यंत्र सुरू होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या दोहोंमध्यें एक लहानसा काळ असतो. पुष्कळदां तो डोळ्याचें पातें लवावें इतकाच असतो. त्या अवधींत यंत्राच्या पोटांत जें घडतें, त्याविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

हा विषय माझ्या पेशाचा नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. सारा जन्म मुलांना अंकगणित आणि व्याकरण शिकविण्यांत गेला. या विषयाकडे मी वळलों तो पाण्यामुळें.

आम्ही राहतों त्या चार मजली इमारतीच्या तळाशीं पाण्याची एक टाकी आहे व गच्चीवर दुसरी. वरची टाकी रिकामी झाली कीं खालचा पंप आपोआप चालू व्हावा आणि ती भरली कीं बंद व्हावा, अशी सोय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें करून दिली होती. मुलगा तंत्रनिकेतनांत शिकत होता. काम नीटनेटकें होतें, आणि सोसायटीच्या सभेंत त्याच्याविषयीं ग्वाही मींच दिली होती. पहिले दोन महिने सर्व सुरळीत चाललें. पुढें पावसाळा आला, वीज वरचेवर जाऊं लागली, आणि एके दिवशीं सकाळीं नळाला पाणी नाहीं. पंप ठीक, तारा ठीक, खालच्या टाकींत पाणीहि भरपूर. परंतु पंपाला हुकूम देणारी ती छोटीशी पाटी मात्र मुकी. तिची वीज एकदां काढून पुन्हां दिली, तों ती चालू झाली. आठ दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. मग आठवड्यांतून दोनदां. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी बादली घेऊन जिना चढतांना मीं पाहिल्या, तेव्हां मला मान वर करवेना. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, हा पोराचा खेळ झाला, येत्या रविवारच्या सभेंत ठराव करून काढून टाकूं."

मीं विद्यार्थ्यास बोलावून घेतलें. तो खालीं पाहत म्हणाला, "गुरुजी, प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दहादां तपासला, चूक सांपडत नाहीं." मीं म्हटलें, "अरे, पण तुझी पहिली ओळ चालण्यापूर्वीं काय होतें, तें तपासलेंस का?"

हा प्रश्न मीं ज्ञानानें विचारला नव्हता. रोज शाळा उघडणाऱ्या माणसाच्या संवयीनें विचारला होता. शाळेची घंटा अकरा वाजतां होते, परंतु शाळा साडेदहालाच सुरू झालेली असते. कोणी तरी किल्ल्या आणतो, दारें उघडतो, घड्याळ लावतो, फळे पुसतो, खडू ठेवतो. त्यांतलें एक काम राहिलें तर पहिल्याच तासाला घोटाळा होतो, आणि दोष मात्र शिकविणाऱ्यास लागतो. यंत्राचेंहि नेमकें तसेंच असतें, हें पुढील चार दिवसांत त्या मुलानें मला समजावून सांगितलें. तें मीं जसें समजून घेतलें, तसेंच आपणांपुढें ठेवितों.

प्रथम मुळांतील अडचण काय ती पाहूं. संगणक लहान असो वा मोठा, त्याला स्वतःची बुद्धि नसते. स्मृतींत ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक उचलाव्या आणि त्यांप्रमाणें वागावें, एवढेंच त्याला येतें. आतां नुकतीच वीज आली आहे. कामाच्या स्मृतींत अर्थहीन खुणांचा कचरा आहे. तेथें योग्य आज्ञा आणून ठेवल्या पाहिजेत. परंतु आणून ठेवण्याचें कामहि आज्ञेवांचून होणार नाहीं, आणि ती आज्ञा तर अजून आलेलीच नाहीं. किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप, अशांतला हा प्रकार आहे. उंच बुटाच्या कडेला तो ओढून पायांत चढविण्यासाठीं एक पट्टा असतो. तोच पट्टा ओढून माणसानें स्वतःस जमिनीवरून उचलावें, अशी एक अशक्य कोटीची कल्पना इंग्रजी भाषेंत रूढ आहे. तीवरूनच यंत्राच्या या पहिल्या धडपडीस 'बूट' हें नांव पडलें.

पूर्वीं ही अडचण माणूस आपल्या बोटांनीं सोडवीत असे. १९७५ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेला 'आल्टेअर ८८००' हा लहान संगणक वीज दिल्याबरोबर आपण होऊन कांहींच करीत नसे. त्याच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग होती. ते खटके वर-खालीं करून मालकानें पहिल्या कांहीं आज्ञा एकेक करून स्वतः भरावयाच्या. मग त्या मूठभर आज्ञा कागदी फितीवरून पुढचा प्रोग्राम वाचून घेत. आज त्या बोटांचें काम चिपेंतच कायमच्या कोरून ठेवलेल्या कांहीं आज्ञा करतात. यंत्राच्या अंगाशीं इतक्या निगडित असलेल्या आज्ञावलीस 'फर्मवेअर' म्हणतात.

आतां एक खरी चिप डोळ्यांसमोर ठेवूं, म्हणजे विषय हवेंत राहणार नाहीं. इंग्लंडांतील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय या संस्थेनें २०२१ च्या जानेवारींत 'आरपी २०४०' नांवाची चिप प्रसिद्ध केली, आणि ती बसविलेली 'पिको' ही पाटी चार डॉलरांस विकावयास काढली. पाटीची रुंदी २१ मिलिमीटर व लांबी ५१ मिलिमीटर. म्हणजे दोन बोटांएवढी. चिप तर करंगळीच्या नखाहून मोठी नाहीं. तिच्यांत आज्ञा पाळणारे दोन गाभे आहेत, २६४ किलोबाइट कामाची स्मृति आहे, आणि कधींहि न पुसली जाणारी अशी केवळ १६ किलोबाइटांची कोरीव स्मृति आहे. ज्याला आपण प्रोग्राम म्हणतों, तो ठेवण्यास मात्र तिच्या पोटांत जागा नाहीं. तो शेजारच्या एका वेगळ्या 'फ्लॅश' चिपेंत असतो. आमच्या पंपावरची पाटी त्या संस्थेची नव्हती. तीच चिप घेऊन दुसऱ्या एका कारखान्यानें बनविलेली होती. हा भेद ध्यानांत असूं द्यावा. पुढें त्याचें काम पडेल.

वीज येते ती एकदम पूर्ण दाबानें येत नाहीं. शून्यापासून चढत जाते. पाटीवर ३.३ व्होल्टांचा दाब असतो, आणि त्यापासून चिप आपल्या अंतर्भागासाठीं सुमारें १.१ व्होल्टांचा दाब स्वतःच तयार करते. हा दाब पुरेसा चढेपर्यंत गाभ्यांना हालचाल करूं द्यावयाची नाहीं, यासाठीं एक पहारेकरी मंडल नेमलेलें असतें. अर्ध्यामुर्ध्या दाबावर चिप चालूं लागली तर ती एक आणि शून्य यांतला भेदच विसरेल. म्हणून हें मंडल सर्वांना 'रीसेट'च्या स्थितींत, म्हणजे जागच्या जागीं, धरून ठेवतें. बाहेरचीं उपांगें, जसें कीं दिवा लावणाऱ्या वा तारेवरून निरोप धाडणाऱ्या शाखा, तर पुढें हुकूम होईपर्यंत तशींच बंद राहतात.

दाब स्थिर झाला. आतां हलावयास ठेका पाहिजे. प्रत्येक संगणक घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. चांगलें घड्याळ म्हणजे स्फटिकाचें. परंतु स्फटिकास डोलूं लागण्यास वेळ लागतो. तोंपर्यंत निभावून नेण्यासाठीं चिपेच्या पोटांत एक गांवठी घड्याळ आहे. विषम संख्येच्या उलटविणाऱ्या मंडलांची ती एक माळ असून तिचें शेवटचें टोंक पहिल्यास जोडलेलें असतें. प्रत्येक मंडल मिळालेला संकेत उलटा करून पुढच्यास देतें; संख्या विषम असल्यामुळें फेरी पूर्ण होतांच संकेत मूळच्या उलट झालेला असतो, आणि ही उलटापालट अखंड चालते. हें घड्याळ झटकन सुरू होतें, बाहेरच्या कोणावर अवलंबून राहत नाहीं; पण नेमकें नसतें. साधारणपणें सेकंदाला साठ लाखांच्या आसपास ठोके देतें, तरी उष्णता, दाब आणि घडण यांप्रमाणें ते अठरा लाखांपासून एक कोटि वीस लाखांपर्यंत कोठेंहि असूं शकतात. वेळ सांगण्यास तें निरुपयोगी. पण पहिलीं पावलें टाकण्यास पुरेसें.

या ठेक्यावर दोन्ही गाभे जागे होतात आणि ती १६ किलोबाइटांची कोरीव आज्ञावली वाचूं लागतात. दोघांनीं एकच काम एकाच वेळीं केलें तर गोंधळ होईल. म्हणून दुसरा गाभा 'मी दुसरा' हें ओळखून लगेच झोपीं जातो आणि पहिल्याची हांक येईपर्यंत उठत नाहीं. पहिला गाभा प्रथम पाटीवरील एक विशिष्ट बटन दाबलेलें आहे काय, तें पाहतो. दाबलेलें असेल तर तो नेहमीची वाट सोडून संगणकाच्या तारेवर एका साध्या साठवणपेटीच्या रूपानें प्रकट होतो. त्या पेटींत नवा प्रोग्राम नुसता टाकला कीं काम झालें. दाबलेलें नसेल तर तो शेजारच्या फ्लॅश चिपेकडे वळतो.

येथें एक मौज आहे. फ्लॅश चिपा अनेक कारखान्यांच्या. त्यांच्या जलद बोलण्याच्या रीति वेगवेगळ्या. कोरीव आज्ञावली तर एकदां कोरली ती कोरली. तिला उद्यांची फ्लॅश कशी असेल तें काय ठाऊक? म्हणून ती सर्वांना समजणाऱ्या सोप्या भाषेंत, एका तारेवरून, सावकाश एवढेंच विचारते, "तुझ्यापाशीं असलेले पहिले २५६ बाइट मला दे." ते ती कामाच्या स्मृतींत उतरून घेते, आणि त्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वीं ताळा पाहते.

ताळा हा शब्द माझ्या पिढीच्या श्रोत्यांना नवा नाहीं. मोठा गुणाकार केला कीं आम्ही नवांचा ताळा पाहत असूं; म्हणजे संख्येला नवांनीं भागून उरणाऱ्या शेषावरून उत्तर पडताळीत असूं. येथेंहि भागाकाराचा शेषच पाहतात. मात्र भाजक पुष्कळ मोठा आणि गणित दोनच अंकांचें. २५६ पैकीं २५२ बाइट आज्ञांचे आणि शेवटचे ४ ताळ्याचे. स्वतः काढलेला शेष त्या चार बाइटांशीं जुळला तरच मजकूर ग्राह्य धरावयाचा. अस्ताव्यस्त खुणांचा ताळा योगायोगानें जुळण्याचा संभव सुमारें ४२९ कोटींत एक. ताळा जुळला नाहीं तर ती हार न मानतां सुमारें अर्धा सेकंद पुन्हां पुन्हां वाचून पाहते. इतकें करूनहि जमलें नाहीं, तर ती त्या साठवणपेटीच्या रूपांत जाऊन माणसाची वाट पाहत बसते. कोरी करकरीत पाटी प्रथम संगणकास जोडली असतां पेटी म्हणून दिसते ती याचमुळें: तिच्या फ्लॅशमध्यें अजून कांहींच लिहिलेलें नसतें.

ताळा जुळला कीं सूत्रें त्या २५२ बाइटांच्या हातीं जातात. हा मजकूर त्या विशिष्ट फ्लॅशसाठींच लिहिलेला असतो, त्यामुळें त्याला तिची जलद बोली येते. तो चार तारांवरून वाचण्याची व्यवस्था लावतो, आणि मग फ्लॅशमधील आज्ञा जणूं चिपेच्या आपल्याच स्मृतींत असाव्या तशा सरळ वाचतां येऊं लागतात. त्यांच्या पुढेंच एक कोष्टक मांडलेलें असतें. त्याची पहिली नोंद म्हणजे अर्धवट टाकलेल्या कामांच्या नोंदींची चळत स्मृतींत कोठें रचावयाची तें स्थान; दुसरी नोंद म्हणजे पहिली आज्ञा कोठें आहे तें स्थान; आणि पुढच्या नोंदी म्हणजे कामाच्या मध्येंच कोणी हांक मारली तर कोठें जावयाचें त्याचे पत्ते. शाळेच्या भिंतीवरचें वेळापत्रकच म्हणा ना.

आतां मुलाचा प्रोग्राम सुरू होईल असें आपणांस वाटेल. पण अजून फळे पुसावयाचे आहेत. प्रोग्राम लिहिणारा 'टाकीची पातळी आरंभीं शून्य' असें गृहीत धरतो, किंवा 'पंप अधिकांत अधिक वीस मिनिटें चालावा' असा आंकडा लिहून ठेवतो. हीं मूल्यें बदलतीं असल्यामुळें तीं कामाच्या स्मृतींत असावीं लागतात, आणि तेथें तर वीज आल्यावेळचा कचरा आहे. म्हणून ज्यांना आरंभींचें मूल्य दिलें आहे, त्यांचीं मूल्यें फ्लॅशमधून उतरून घ्यावयाचीं. आणि बाकीच्यांच्या जागा झाडून शून्य करावयाच्या. हें काम एक लहानसा तुकडा करतो. तो बहुधा लिहिणाऱ्याच्या नजरेसहि पडत नाहीं. साधनांच्या संचाबरोबर तो आयता येतो.

त्यानंतर उपांगांचीं दारें उघडावयाचीं. आणि येथें एक शिस्त आहे. 'उघड' असा हुकूम देऊन पुढें जावयाचें नाहीं. 'उघडलें' अशी खूण उलट येईपर्यंत थांबावयाचें. मग घड्याळ बदलावयाचें. पाटीवर सेकंदाला एक कोटि वीस लाख ठोके देणारा स्फटिक असतो. त्याला चालना द्यावयाची, तो स्थिर डोलूं लागेपर्यंत थांबावयाचें, आणि मग त्याच्या ठेक्यावरून मोठा ठेका तयार करावयाचा. यासाठीं असलेलें मंडल स्वतःचे जलद ठोके स्फटिकाच्या ठोक्यांशीं ताडून पाहत पाहत त्यांचा मेळ जमवितें. नेहमीच्या मांडणींत १ कोटि २० लाखांस १२५ नीं गुणून १५० कोटि होतात. त्यांस प्रथम ६ नीं व मग २ नीं भागून साडेबारा कोटि उरतात. सेकंदाला साडेबारा कोटि ठोके, ही त्या चिपेची कामाची गति. मेळ जमल्याची खूण आली म्हणजेच गाभा गांवठी घड्याळ सोडून या नव्या ठेक्यावर पाऊल टाकतो. एवढें सर्व झाल्यावर, श्रोते हो, माझ्या विद्यार्थ्यानें लिहिलेली पहिली ओळ चालते!

आतां आमच्या पंपाकडे वळूं. मुलानें युक्ति अशी केली कीं, या वाटेवरील एकेका टप्प्यावर पाटीवरचा दिवा लावण्याची आज्ञा घालून पाहिली. दिवा लागला तर गाडी तेथवर आली, नाहीं तर त्याच्या अलीकडेच अडली. स्मृति झाडून झाल्यावर दिवा प्रत्येक वेळीं लागे. स्फटिकाच्या टप्प्यापलीकडे मात्र दहांतून दोन-तीन वेळां लागत नसे. चोर सांपडला. त्यानें वापरलेल्या मांडणींत स्फटिक स्थिर होण्यास सेकंदाचा एक सहस्रांश एवढा अवधि दिलेला होता. मूळ पाटीच्या स्फटिकास तो पुरे. परंतु आमच्या पाटीवरील दुसऱ्या कारखान्याचा स्फटिक मंद होता. तो पुरता डोलूं लागण्यापूर्वींच चिप त्याच्यावर भार टाकीत असे. आणि ठोकाच नाहीं म्हटल्यावर ती पाऊल उचललेल्या स्थितींतच थिजून जात असे. प्रोग्राम निर्दोष होता, पंप निर्दोष होता. वाट पाहण्यांत कसूर झाली होती.

या अवधीस गुणण्यासाठीं त्या संचांत एक आंकडा ठेवलेलाच आहे. त्या ठिकाणीं १ होता, तेथें मुलानें ६४ लिहिले. म्हणजे एका सहस्रांशाऐवजीं चौसष्ट सहस्रांश सेकंद थांबणें. माणसाला तें जाणवतहि नाहीं. मग आम्ही दोघे शनिवारीं दुपारीं तळमजल्यावर बसलों. तो वीज काढी व लावी, आणि मी जुन्या संवयीप्रमाणें वहींत उभ्या रेघा ओढीं. शंभर वेळां वीज दिली. शंभर वेळां दिवा लागला. रविवारच्या सभेंत मीं ती वही चिटणिसांपुढें ठेवली. ठराव मागें घेतला गेला. चौथ्या मजल्यावरच्या आजींनीं मुलाला घरीं नेऊन शिरा खाऊं घातला, आणि मलाहि, ग्वाही दिल्याबद्दल, थोडा मिळाला.

ही झाली दोन बोटांएवढ्या पाटीची हकीकत. आपल्या घरांतील दूरचित्रवाणी-संच किंवा खिशांतला फोन यांचा मार्ग याहून लांब असतो, पण रीत तीच. त्यांतील मोठी स्मृति वेगळ्या जातीची असते: तिच्यांत प्रत्येक खूण म्हणजे एका सूक्ष्म कोठडींत सांठविलेला विजेचा थेंब, आणि तो सतत गळत असतो. सेकंदाच्या चौसष्ट सहस्रांशांच्या आंत प्रत्येक ओळ पुन्हां भरून घ्यावी, असा सामान्य नियम आहे. ही पाणक्याची पाळी लावून देईपर्यंत ती स्मृति वापरतांच येत नाहीं. आणि जलद जातींत तर प्रत्येक तारेवरील अतिसूक्ष्म विलंबहि ठराविक नमुने लिहून आणि वाचून जुळवून घ्यावा लागतो. हें काम करणारा प्रोग्राम अर्थातच त्या स्मृतींत राहूं शकत नाहीं. घर बांधून होण्यापूर्वीं गवंड्यानें त्यांत निजावें कसें? म्हणून तो चिपेंतील चिमुकल्या स्मृतींत मावेल एवढाच लिहितात. वोल्फगांग डेंक या जर्मन गृहस्थांनीं चालना दिलेली व २००२ पासून 'यू-बूट' या नांवानें ओळखली जाणारी आज्ञावली अशा असंख्य यंत्रांत वापरली जाते. तिचेहि बहुधा दोन भाग करतात: प्रथम एक आंखूड तुकडा येऊन मोठी स्मृति सिद्ध करतो, आणि मग पूर्ण आज्ञावली तींत उतरते. लहानानें मोठ्याची जागा तयार करावी आणि बाजूस व्हावें, असा हा क्रम आहे.

या सर्व खटाटोपांत मला तीन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या वाटल्या. पहिली ही कीं, प्रत्येक पायरी केवळ तोंवर सिद्ध झालेल्या पायरीवरच उभी राहते. पुढें मिळणाऱ्या वस्तूचा भरंवसा ती आज धरीत नाहीं. दुसरी ही कीं, जेथें 'झालें' अशी खूण मिळणें शक्य आहे तेथें ती मागून घ्यावी, आणि जेथें केवळ अंदाजानें थांबावयाचें आहे तेथें अंदाज कंजूषपणाचा नसावा. आमचा पंप याच एका ठिकाणीं अडला. तिसरी ही कीं, बाकी सारें बिघडलें तरी पुसलें जाणार नाहीं असें एक आश्रयस्थान मुळांतच ठेवावें. त्या १६ किलोबाइटांच्या कोरीव आज्ञा कोणी कितीहि चुकीचा प्रोग्राम फ्लॅशमध्यें भरला तरी तशाच राहतात. बटन दाबून वीज दिली कीं पाटी पुन्हां शिकावयास तयार. नव्यानें शिकणाऱ्या मुलांच्या हातीं ही चिप निर्धास्तपणें देतां येते, याचें मोठें कारण हेंच.

जातां जातां घरांतल्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. एखादें यंत्र अडलें कीं आपण त्याचा खटका बंद करून तत्काळ पुन्हां चालू करतों. असें करूं नये. वीज काढल्यावरहि आंतल्या सांठवणींत थोडी वीज कांहीं काळ टिकून राहते. दाब पुरता उतरला नाहीं तर तो पहारेकरी 'नवी सुरुवात झाली' असें मानीतच नाहीं, आणि यंत्र अर्धवट जुन्या स्थितींतच घुटमळतें. खटका बंद करून सावकाश दहा अंक मोजावे, आणि मग चालू करावा. इतकें करूनहि तें उठलें नाहीं, तर तें मेलें असें लगेच म्हणूं नये आणि तें बनविणाऱ्याच्या नांवानें बोटेंहि मोडूं नयेत. त्याच्या पहिल्या ओळीच्या आधीं कांहीं राहून गेलें असेल, तें शोधावें.

माझा विद्यार्थी आतां नोकरीस लागला आहे. मध्यंतरीं भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, कोणतीहि नवी पाटी हातीं आली कीं मी पहिल्यानें तिचा स्फटिक पाहतों." मीं म्हटलें, "बरोबर आहे. आणि मी वर्गांत गेलों कीं पहिल्यानें फळा पाहत असें."